होल्डमधला फोटो

पराग,

तू गेल्यापासून एक वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं तरी मला ते आधीच ऐकू येतं. 'इराकमधून सुखरूप आला आणि घरासमोरचा बर्फ काढताना हार्ट अटॅकने गेला.' मंडळातले, ऑफिसातले, तुझ्या गल्लीतले, सगळे हेच म्हणतात. म्हणून झालं की मान हलवतात आणि समोशाकडे वळतात. मला दर वेळी वाटतं विचारावं, सुखरूप आला हे तुम्हाला कुणी सांगितलं? पण मी विचारत नाही. मी तुझ्या अंत्यदर्शनाच्या दिवशी फ्युनरल होममध्ये याहून कितीतरी वाईट वागले, त्यामुळे दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याचा माझा अधिकार गेलेला आहे.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिही म्हणाले. जन्म, शिक्षण, पारितोषिकं, मागे पत्नी आणि कन्या, असला लेख मला येत नाही आणि तुला आवडलाही नसता. मी तुझ्याशीच बोलणार आहे. यात ज्या दोघींची नावं येतील त्यांना विचारून लिहितेय. हो, विचारून. शैलाताई आणि विचारून, असं म्हणून तू हसला असतास. हस.

आपली ओळख झाली ती मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, स्टेजवर पोरांचे नाच, आणि तू गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडत होतास. तेव्हा तू एका मोटार कंपनीत दरवाज्यांच्या बिजागऱ्यांची ड्रॉइंग्ज करायचास. आपल्या लोकांत ज्याच्याकडे बरा कॅमेरा असतो त्याला जेवायला मिळत नाही. 'पराग, आमचा एक ग्रुप काढ ना,' म्हणून जो तो तुला ओढत होता. नंतर तू सगळ्यांना फोटो पाठवलेस आणि अर्धं मंडळ रुसलं, कारण ग्रुप फोटो एकही धड नव्हता. होत्या त्या तोंडात शंकरपाळं असताना खळखळून हसणाऱ्या काकू. होता तो स्टेजवर मुलगी नाचत असताना खाली अंधारात तिच्याबरोबर ओठ हलवणारा बाप. त्या बापाने तो फोटो अजून फ्रिजवर लावलेला आहे, मी परवाच पाहिला.

मी इथल्या एका पेपरच्या पिक्चर डेस्कवर. फोटोग्राफरांनी आणलेल्या ढिगातून छापायचा एक उचलायचा आणि बाकीच्यांना नाही म्हणायचं, हा माझा धंदा. नागपूरच्या दैनिकात ही खोड लागली, लग्नानंतर ती मिशिगनला घेऊन आले. तुझे फोटो पाहून मी तुला फोन केला आणि म्हटलं, "बिजागऱ्या कुणीही काढेल रे." ग्रीन कार्ड हातात पडल्यावर तू खरंच नोकरी सोडलीस. पुण्यात तुझ्या वडिलांनी बरेच महिने तुझ्याशी बोलणं टाकलं. तुझ्या बायकोने, मंजिरीने मात्र दोन्ही खर्च अंगावर घेतले, तुझ्या लेन्सचा आणि घराचा. मी तुला आधी शाळांच्या फुटबॉल मॅचेस दिल्या, मग आगी, मग निवडणुका. प्रत्येक वेळी तू भांडलास. मी फोटोची कड कापली की तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचास. "ताई, तू त्याचा पाय कापलास." मी म्हणायचे, "त्याला डॉक्टरकडे ने." त्या भांडणांत मी जितकं शिकले तितकं कुठल्याच कोर्सात शिकले नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. धंद्यात वरच्या खुर्चीवरचं माणूस असं बोलत नसतं, अशी माझी समजूत.

२००५ साली मिशिगनच्याच पोरांची एक पायदळाची तुकडी इराकला निघाली आणि आमच्या संपादकाने विचारलं, त्यांच्याबरोबर कोण जाईल. तू हात वर केलास. नाव मी पुढे केलं. मंजिरीला हे माहीत आहे, तिने कधी बोलून दाखवलं नाही. तुमची रेवा तेव्हा इतकी लहान होती की तू कॅमेऱ्याच्या बॅगा भरत असताना ती त्या बॅगेतच बसून खेळत होती.

तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. माझी पहिली कॉफी व्हायच्या सुमाराला तुझे फोटो सॅटेलाइट फोनवरून ठिबकत ठिबकत यायचे आणि मग तुझा आवाज यायचा, प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबून. मला गोळीबार हवा होता. सगळ्या पेपरांना तोच हवा होता. तू पाठवायचास भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला सार्जंट, मांडीवर हेल्मेट. जिन्यावर बूट काढून एकमेकांच्या पायाचे फोड बघणारे दोघं. फुटक्या आरशाचा तुकडा खिडकीत टेकवून दाढी करणारा तुकडीतला डॅनी, गालावर फेस आणि मागे खिडकीतून दिसणारी निम्मी पडलेली गल्ली. मी कुरकुर करायचे आणि छापायचे. वाचकांची पत्रं यायची ती मात्र या फोटोंवर यायची. मी चिवड्याचे डबे पाठवायचे, ते ती पोरंच फस्त करायची. 'ते तळलेलं सिरियल पुन्हा कधी येणार' असा निरोप डॅनीने तुझ्या फोनवरून मला स्वतः दिला होता. म्हणजे त्याचा आवाज मी ऐकलेला आहे. हे मी त्याच्या आईला परवा परवापर्यंत सांगितलं नव्हतं.

मधूनच तू माणूस नसलेल्या घरांचे फोटो पाठवायचास. छत नाही, एक भिंत नाही, भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. एकदा म्हणालास, "ताई, घर कितीही पडलं ना, किचन कुठलं ते शेवटपर्यंत कळतं. टाइल्सवर तेलाचे डाग असतात यार."

"छान. पण मला पहिल्या पानावर मिशिगनचा मुलगा हवाय. टाइल्स नकोत."

"इथे जे लोक राहत होते ते कुठे गेले, हे कुणी विचारणार आहे का?"

"तू विचार, परत आल्यावर. आत्ता कॅप्शनमधलं स्पेलिंग नीट कर."

परत आल्यावर तू विचारलंस. मी म्हटलं, आता बातमी शिळी झाली. ते भांडण तसंच अर्धवट राहिलं आहे, आणि त्यात तुझं बरोबर होतं असं मला आता वाटतं. पण आज मी त्याबद्दल लिहायला बसलेले नाही.

डॅनी गेला त्या दिवशी तुझा फोन आला नाही, फक्त फोटो आले. कॅप्शनच्या जागी एकच शब्द: होल्ड. आपल्या धंद्यातल्यांना हे सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगते. सैनिक गेला की लष्कराची माणसं त्याच्या घरी जाऊन दार वाजवेपर्यंत त्याचा चेहरा छापायचा नसतो. तोवर फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये थांबतो. आईला पेपरातून कळू नये म्हणून केलेला हा नियम, आणि चांगला नियम आहे. नंतर फोल्डरमधून फोटो काढायचा की नाही हे डेस्कने ठरवायचं. डेस्क म्हणजे मी.

त्या फोटोत पडक्या घराचं किचन आहे. उखडलेलं दार जमिनीवर टाकून त्यावर डॅनीला आडवं केलंय. एक मेडिक त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी भार देऊन वाकलेला, दुसरा पोरगा बंदूक धरून बाहेर बघतोय. डॅनीचे डोळे उघडे आहेत आणि तो लेन्सकडे बघत नाहीये, लेन्सच्या थोडं वर बघतोय, म्हणजे तुझ्या चेहऱ्याकडे. फोटो तिरका आहे, फोकस हललेला आहे. आणि खालच्या कोपऱ्यातून एक हात फोटोत आलाय, मनगटावर तुझं घड्याळ. डॅनीने तो हात घट्ट धरलाय. तू एका हाताने फोटो काढलास.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "ताई, घरी कळवलं की हा छापायचा. लोकांना दिसू दे काय चाललंय ते."

मी म्हटलं, "त्याची आई हे सकाळी चहाबरोबर बघणार का?" तू म्हणालास, आई बघेल की नाही ते आईला ठरवू दे. मी म्हटलं, शिवाय तुझा हात फोटोत आहे. आपण बघणारे, आपण प्रसंगात शिरत नाही, हे मी तुला नव्याने शिकवू का. तू म्हणालास, "त्याने धरला, ताई. मी सोडवायला हवा होता का?"

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. "हात धरायचा होता तर मग फोटो कशाला काढलास?"

सॅटेलाइट फोनवर नेहमीच थोडं थांबावं लागतं, म्हणून मी थांबले. मग कळलं की हे ते थांबणं नाही. शेवटी तू म्हणालास, "बरं, ठेवतो." मी कॉफी प्यायले आणि दुसऱ्या फोटोंकडे वळले. मला माझं वाक्य बिनतोड वाटलं होतं, पराग. अगदी खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

तू परत आलास, वजन उतरलेलं, बोलणं कमी झालेलं. आल्यावर तू एक काम हातात घेतलंस. तुकडीतल्या प्रत्येकाच्या आईला त्याच्या मुलाचा एक मोठा प्रिंट पाठवायचा. डॅनीचा दाढी करतानाचा प्रिंट घेऊन तू स्वतः गाडी चालवत वर उत्तरेला त्याच्या गावी गेलास. जायच्या आधी माझ्या टेबलाशी आलास आणि विचारलंस, "तो दुसरा कॅरलला दाखवू का? छापायला नको. फक्त दाखवतो." कॅरल म्हणजे डॅनीची आई.

फोटो पेपरचा, परवानगी माझी. मी म्हटलं, "नको रे. जखम धरतेय, खपली काढू नकोस. तिने मागितला तर बघू."

जो फोटो आहे हेच तिला माहीत नाही, तो ती मागणार कशी, हे मला तेव्हा सुचलं नाही. तुला सुचलं असणार. पण तू मान हलवलीस आणि गेलास. कड कापण्यावरून तास तास भांडणारा तू, त्या दिवशी भांडला नाहीस. तू माझं ऐकलंस याचा मला अजून राग येतो. इतर कशातही माझं ऐकायचा नाहीस, नेमकं यातच कशाला ऐकलंस?

आता फ्युनरल होमचं सांगते. तुझ्याभोवती सगळे होते. कुणीतरी सीडीवर गीतेचा अध्याय लावला होता, तो मध्येच अडकत होता. मंजिरी रेवाला मांडीवर घेऊन बसली होती, मांडीवर बसायच्या वयाची ती आता राहिलेली नाही तरी. तेवढ्यात आपल्या माणसांच्या गर्दीत एक उंच गोरी बाई आली, पिकत चाललेले केस, जाड कोट. थेट माझ्याकडे आली, बहुधा पेपरच्या लोकांत उभी होते म्हणून. तिने नाव सांगितलं.

"पराग आमच्याकडे आला होता," कॅरल म्हणाली. "जाताना दारात म्हणाला, डॅनी एकटा नव्हता. मी म्हटलं, तुला कसं माहीत? तर म्हणाला, मला माहीत आहे. तेव्हा पुढे विचारायचा धीर झाला नाही. वाटलं, कधीतरी विचारीन, हा कुठे जातोय. तुम्ही त्याच्याबरोबर काम केलंय. त्याला कसं माहीत होतं, तुम्हाला काही कल्पना आहे?"

मला कल्पना होती. कॅरल तुझ्या शवपेटीपासून हाताच्या अंतरावर उभी होती, आणि तुझा तोच हात तिथे छातीवर ठेवलेला होता. मला फक्त एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "पराग फार चांगल्या मनाचा होता."

यात खोटं काही नाही ना? म्हणूनच ते इतकं वाईट. कॅरलच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला काय कळलं. तिला कळलं की तू तिचं सांत्वन केलंस. दु:खी आईशी भली माणसं बोलतात तसं काहीतरी बोललास. तिने मान हलवली, माझे आभार मानले आणि मंजिरीला भेटायला गेली. तू तिला एक खरी गोष्ट दिली होतीस, त्या गोष्टीवर ती इतके दिवस जगली होती, आणि मी तुझ्याच उशाशी उभं राहून ती खोटी करून टाकली. कशासाठी? एवढ्या लोकांत फोटोची गोष्ट निघू नये म्हणून. माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून.

घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. तुझ्या जाण्याचं दु:ख म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. मला तेही सहन होईना.

तेरावं झाल्यावर मी ऑफिसला गेले आणि ते फोल्डर उघडलं. फोटो होता तिथेच होता. मी तो मोठा करून छापून घेतला. कड कापली नाही, तिरका होता तो सरळ केला नाही, तुझा हात पूर्ण ठेवला. कॅरलला फोन केला आणि म्हटलं, त्या दिवशी मी तुमच्याशी खरं बोलले नाही, भेटायला येऊ का. ती नुसतं म्हणाली, या.

उत्तरेचा रस्ता लांब आहे, तुला माहीत आहे. दोन्ही बाजूंना बर्फ आणि झाडं, रेडिओही लागत नाही. वाटभर मी काय बोलायचं त्याची तयारी करत होते. पेपरचे नियम, आईच्या मनाचा विचार, सगळं नीट जुळवलं होतं. तिच्या किचनमध्ये टेबलाशी बसले आणि त्यातलं काही न बोलता पाकीट पुढे सरकवलं. म्हटलं, "यात डॅनीचा शेवटचा फोटो आहे. बघायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी बाहेर थांबते."

"थांबा इथेच," ती म्हणाली.

तिने पाकीट उघडलं. मी तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत बसले. फोटो बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांचा अंदाज घेत मी आयुष्य काढलंय, पण या चेहऱ्याकडे बघायची माझी लायकी नव्हती. मग तिने विचारलं, "हा हात कुणाचा?"

"परागचा."

"याने धरलाय."

"हो. डॅनीने धरलाय."

ती रडली. मोठ्याने रडली, टेबलाला धरून. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि काय करावं ते न कळून तशीच उभी राहिले. मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हा तुमच्याकडे केव्हापासून आहे?"

मी सांगितलं. छापायला तू म्हणत होतास तेही सांगितलं, नुसता दाखवायची परवानगी मागितली होतीस तेही. आणि मी नाही म्हणाले. तुमचा विचार करून नाही म्हणाले, असंही सांगितलं.

"तुम्ही तेव्हा विचारलं असतंत, छापू का, तर मी नाहीच म्हटलं असतं," कॅरल म्हणाली.

खोटं कशाला बोलू, पराग, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. बघ, माझं बरोबर होतं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण ते नाही माझं होतं. ते तुम्ही माझ्याऐवजी म्हणालात. आणि बघायला तर मी हो म्हटलं असतं. परागने सांगितलं होतं, तरी तो गेला तेव्हापासून मी रोज त्याला एकटंच मरताना बघतेय. रोज. तुमच्याकडे हा होता."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो." आपल्याकडे अशा वेळी समोरचा 'जाऊ द्या हो' म्हणतो. तिने तसं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

मग मी तिला चिवड्याचं सांगितलं. तिच्या मुलाने फोनवर मला काय निरोप दिला होता, कसा दिला होता. ती हसली, पुन्हा रडली, पुन्हा एकदा सांगा म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. निघताना मी कोट चढवत होते आणि ती फोटोकडेच बघत होती. म्हणाली, "यात दोन घरची माणसं आहेत. दुसऱ्या घरी दाखवलात का?"

मी दाखवला नव्हता. मनात ठरवूनही टाकलं होतं की मंजिरीला आत्ताच नको, आधीच एवढं झालंय, जरा सावरू दे. म्हणजे बघ, कॅरलच्या दारात उभी राहूनसुद्धा मी तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या घरी गेले. ड्राइव्हवे साफ होता, शेजाऱ्यांनी केला असावा. फावडं कुणीतरी गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं होतं. मंजिरीने चहा टाकला. मी तिला फोटो दिला आणि सगळं सांगितलं, कॅरलला सांगितलं त्याच क्रमाने, काही न गाळता. तुला फोनवर बोललेलं ते वाक्यही सांगितलं.

तिने फोटोकडून मान वर केली. "काय म्हणालात? परत सांगा."

"हात धरायचा होता तर फोटो कशाला काढलास."

"ताई," ती म्हणाली, "हे तुम्ही म्हणाला होतात?"

मी मान हलवली.

"तो मला विचारायचा हे. गाडी चालवताना, जेवताना, मध्येच. मी फोटो कशाला काढला असेल गं? मी म्हणायचे, अरे, तुझं काम आहे ते. तर म्हणायचा, नाही, हात धरला होता ना, मग फोटो कशाला काढला. मला वाटायचं त्याचा त्यालाच हा प्रश्न पडलाय. याच्यावर काय उत्तर देणार, म्हणून मी गप्प बसायचे."

गॅसवर चहा उतू गेला. कुणीच उठलं नाही.

पराग, मी हे वाक्य बोलून विसरले होते, ते फोल्डर पुन्हा उघडेपर्यंत. डॅनीचा फोटो आठवला की मला माझा नियम आठवायचा, माझं ते वाक्य आठवायचंच नाही. ते तू घरी नेलंस, स्वतःचं म्हणून सांभाळलंस, आणि माझं नावसुद्धा बायकोला सांगितलं नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून? की ते माझं आहे हे तूही विसरून गेलास? यातलं काय असेल ते मला आता कधीच कळणार नाही. तू फोटो कशाला काढलास हे मला माहीत आहे. सगळ्या आयांना प्रिंट पोचवणारा माणूस तो कुणासाठी काढेल? तेव्हा मी फोनवर एक क्षण गप्प बसले असते तर तू स्वतःच सांगितलं असतंस. पण मला बिनतोड बोलायचं होतं.

रेवा शाळेतून आली. बूट न काढता सरळ टेबलापाशी आली. मी नकळत फोटोवर हात ठेवला. मंजिरीने माझा हात बाजूला केला.

"दॅट्स बाबाज वॉच," रेवा म्हणाली. मग जरा वेळाने, "हू इज ही होल्डिंग?"

"डॅनी," मंजिरी म्हणाली. "त्याला लागलं होतं."

"डिड इट हेल्प?"

मंजिरी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. आयुष्यभर तेच केलंय, दुसऱ्याच्या फोटोखाली कॅप्शन. मी म्हटलं, "मला माहीत नाही बेटा. डॅनीच्या आईला विचारू या का?"

मंजिरीने कॅरलचा नंबर मागितला. मी फोन लावून दिला आणि दोघींचं पहिलं हॅलो झाल्यावर रेवाला घेऊन बाहेरच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. आतून आधी मंजिरीचं रडणं ऐकू आलं, मग बोलणं, मग चक्क हसणं. रेवा टीव्हीसमोर गृहपाठ करत होती. मी सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसले होते. अर्धा दिवस गेल्यासारखा वाटला.

बाहेर आल्यावर मंजिरी म्हणाली की रेवाच्या प्रश्नाचं उत्तर कॅरल तिला स्वतः देणार आहे, उन्हाळ्यात मायलेकी तिकडे जातील तेव्हा. आणि फोटोचं तिने आणि कॅरलने ठरवलं आहे. छापायचा, दाखवायचा, की कुणालाच द्यायचा नाही. काय ठरवलं ते तिने मला सांगितलं नाही. मी पर्स उचलली, रेवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी आले. मी विचारलं नाही.